आठ ग्रॅमची पुडी : बागायती गव्हात मेटसल्फ्युरॉन मिथाईलचा तीन रब्बी हंगामांचा अनुभव

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ही पुडी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा सबंध एकराला एवढेच पुरेल यावर माझा विश्वास बसला नव्हता. मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के हे तणनाशक, पाण्यात मिसळणारी भुकटी, वजन ८ ग्रॅम. त्यातला मुख्य घटक २० टक्के धरला, तर एकरभर गव्हावर प्रत्यक्ष पडणारे रसायन होते अवघे १.६ ग्रॅम. याआधी मी २,४-डी सोडियम क्षार हे तणनाशक वापरत असे. त्याचे माप एकरी पाव किलोच्या आसपास असते. त्या सवयीच्या माणसाला ही पुडी औषधाचा नमुना वाटावी इतकी लहान असते. आज तीन रब्बी हंगाम हे तणनाशक वापरून झाल्यावर, ते कोठे उत्तम चालते, कोठे अजिबात चालत नाही आणि कोठे वापरणाऱ्याच्याच चुकीने नुकसान करते, हे सविस्तर लिहावे असे वाटले. मेटसल्फ्युरॉन अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. मी तीन वर्षांत दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या पुड्या वापरल्या आणि दोन्हींच्या परिणामात मला फरक आढळला नाही. त्यामुळे हे परीक्षण या घटकाचे आहे, कोणत्या एका कंपनीचे नाही.

माझे शेत निफाड तालुक्यात आहे. जमीन मध्यम ते भारी, काळी, पाणी विहिरीचे, खरिपात सोयाबीन आणि त्यावर गहू असा फेर. वाण फुले समाधान, जो आमच्याच तालुक्यातल्या, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने दिलेला आहे. पेरणी साधारण १५ नोव्हेंबरच्या आगेमागे होते. शेताच्या पूर्वेच्या बांधापलीकडे शेजारच्या आबांची द्राक्षबाग आहे, आणि या बागेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण तणनाशक निवडताना माझ्या दृष्टीने ती बागच निर्णायक ठरली.

आमच्या भागातल्या बागायती गव्हात मुख्य त्रास रुंद पानांच्या तणांचा असतो. त्यात पहिला मान चंदनबटव्याचा. गव्हाला पहिले पाणी दिले, की आठ-दहा दिवसांत साऱ्यांच्या (पाणी देण्यासाठी पाडलेल्या पट्ट्यांच्या) कडेने आणि ओळींमधून त्याची रोपे दाट उगवतात, आणि गहू फुटवे काढत असतानाच ती त्याच्या उंचीला येतात. त्याच्या जोडीला गाजरगवत, घोळ, माठ, आणि काही ठिकाणी गव्हाच्या काडीला वेटोळे घालत वर चढणारी हरणखुरी. गव्हाच्या पिकाला पहिले ३० ते ४५ दिवस तणांचा सर्वांत जास्त फटका बसतो, आणि नेमक्या याच काळात बागायतदार गव्हाला पाणी आणि युरियाचा दुसरा हप्ता देत असतो. शेत तणाने भरलेले असताना दिलेला युरिया चंदनबटवा गव्हाच्या आधी उचलतो. त्याचा गर्द हिरवा, मांसल पाला पाहिला की आपले खत कोठे गेले ते समजते.

खुरपणी हा यावरचा जुना आणि चांगलाच उपाय आहे, आणि जेथे माणसे मिळतात तेथे मी आजही तोच सांगेन. परंतु डिसेंबरमध्ये आमच्याकडे कांदा लागवड आणि द्राक्षबागेतली कामे एकाच वेळी चालू असतात. एक एकर गहू नीट खुरपायला आठ-दहा बायांचा दिवस लागतो आणि त्या दिवसांत त्या मिळत नाहीत. मिळाल्या तर आठवडाभर उशिरा. शिवाय पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरलेल्या गव्हाच्या दोन ओळींत वीतभर अंतर असते, त्यात बसून खुरपताना पीकही तुडवले जाते. एका पुडीची किंमत दोन बायांच्या एका दिवसाच्या रोजापेक्षा कमी पडते. हिशोबाची बाजू इतकी सरळ आहे.

आता प्रत्यक्ष औषधाविषयी. मेटसल्फ्युरॉन हे सल्फोनिलयुरिया गटातले तणनाशक आहे. या गटाचा शोध अमेरिकेतील डुपॉन्ट कंपनीत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज लेव्हिट यांच्या कामातून १९७०च्या दशकात लागला आणि हेक्टरी किलोत मोजली जाणारी तणनाशके ग्रॅमवर आली. वनस्पतीला व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्ले स्वतः तयार करावी लागतात. ती तयार करणाऱ्या साखळीतले एक विकर (एन्झाइम) हे औषध बंद पाडते. अमिनो आम्ले नाहीत, तर नव्या पेशी नाहीत, वाढ थांबते. गव्हाच्या आत मात्र हे रसायन फार लवकर फुटून निरुपद्रवी होते, म्हणून गहू वाचतो. माणसात आणि जनावरांत हे विकर नसते. त्याचा अर्थ हातमोजे आणि तोंडाला फडके न बांधता फवारावे असा कोणी घेऊ नये.

ही कार्यपद्धती समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण या औषधाबद्दलची निम्मी नाराजी तिच्या अज्ञानातून येते. पॅराक्वाटसारखे औषध मारले की दुसऱ्या दिवशी गवत करपलेले दिसते; त्याची सवय असलेला माणूस मेटसल्फ्युरॉन फवारून पाचव्या दिवशी शेतात जातो, चंदनबटवा हिरवागार उभा पाहतो आणि औषध बनावट निघाले असे ठरवून मोकळा होतो. मीही पहिल्या वर्षी पाचव्या दिवशी दुकानात जाऊन विचारणा केली होती. प्रत्यक्षात तणाची वाढ फवारणीच्या दिवशीच थांबलेली असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या वर्षी मी बांबूची एक काडी चंदनबटव्याच्या एका रोपाशेजारी रोवून त्याच्या शेंड्याच्या उंचीवर खूण केली आणि रोज पाहत गेलो. खुणेच्या वर ते रोप गेलेच नाही. सातव्या-आठव्या दिवशी शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली, मग त्यांच्या शिरांवर जांभळट लाली आली, शेंडा चुरगळल्यासारखा झाला. खालची पाने मात्र अजून तशीच होती. अठराव्या दिवशी रोप मुळासकट हाताने सहज निघाले आणि मुळांना पांढरा तंतू एकही नव्हता. म्हणजे निकाल पाहायचा तर तिसऱ्या आठवड्यात पाहावा. निफाडला डिसेंबरच्या अखेरीस थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो, आणि अशा कडाक्यात हा काळ आणखी चार-पाच दिवसांनी लांबतो.

मापाचा विषय या औषधाच्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. एकरी ८ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी २० ग्रॅम, हे ठरलेले माप. १६ लिटरच्या पंपाने एकराला सुमारे २०० लिटर पाणी धरले, तर साडेबारा पंप होतात. प्रत्येक पंपात भुकटी पडायला हवी ०.६४ ग्रॅम. कोणत्याही चमच्याने एवढे माप घेता येत नाही. ‘पंपाला एक चिमूट’ हा सल्ला मी दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, आणि पहिल्या वर्षी त्याप्रमाणे केलेही. परिणाम असा झाला, की काही साऱ्यांत चंदनबटवा जिवंत राहिला आणि काही साऱ्यांत गहूच पंधरा दिवस पिवळा पडून बसला. यावरचा मार्ग सोपा आहे. संपूर्ण पुडी सव्वा लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घ्यावी, चांगली ढवळावी, आणि त्यातले १०० मिलिलिटर द्रावण प्रत्येक पंपात टाकावे. औषधाच्या बाटलीचे झाकण किंवा दुधाचे छोटे माप १०० मिलिलिटरचे असेल, तर तेच कायमचे बाजूला ठेवावे. दर वेळी घेण्यापूर्वी द्रावण पुन्हा ढवळावे, कारण भुकटी तळाशी बसते आणि मग शेवटच्या दोन पंपांत सगळा गाळ जातो.

पंपातले पाणी किती क्षेत्रावर पडते, हेही आधी मोजलेले असावे. एका एकराचे ४० गुंठे, त्यांना २०० लिटर पाणी, म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. मी एक गुंठा दोरीने आखून घेतला, पंपात नुसते पाणी भरले आणि नेहमीच्या चालीने फवारून पाहिले. पहिल्या वेळी साडेसात लिटर पडले. म्हणजे माझी चाल संथ होती आणि मी एकराच्या औषधात जेमतेम सत्तावीस गुंठे उरकले असते. चाल आणि नोझल बदलून ते ५ लिटरवर आणायला मला अर्धा तास लागला. कीटकनाशकासाठी वापरतो ते गोल धुके उडवणारे नोझल येथे उपयोगाचे नाही. पंख्यासारखा चपटा झोत टाकणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावावे, ते जमिनीपासून दीड-दोन फुटांवर एकाच उंचीला धरावे, आणि हात डावीकडे-उजवीकडे न हलवता सरळ रेषेत चालावे. हात हलवण्याची सवय मोडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, हे नमूद करतो.

चंदनबटव्याच्या पानाची खालची बाजू आणि कोवळा शेंडा बारीक पांढऱ्या पिठासारख्या थराने माखलेला असतो. बोटाने चोळले तर तो बोटाला लागतो. त्या थरावर पाण्याचा थेंब टिकत नाही, मोत्यासारखा घरंगळून खाली पडतो. म्हणून या औषधासोबत पानावर पसरणारे आणि चिकटणारे द्रव्य वापरणे हा ऐच्छिक भाग नाही. काही कंपन्या पुडीबरोबरच त्याची बाटली देतात, काही देत नाहीत. दुकानदाराने आठवण करून दिली नाही तरी आपण मागून घ्यावे. पहिल्या वर्षी एका साऱ्यात मी ते घातले नव्हते, आणि त्या साऱ्यातला चंदनबटवा शेवटी खुरपूनच काढावा लागला.

वेळेविषयी दोन अटी एकत्र सांभाळाव्या लागतात. तण दोन ते चार पानांवर असावे आणि जमिनीत ओल असावी. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत गव्हाला जे पाणी देतो, त्यानंतर जमीन वाफशावर आली की फवारणीची योग्य वेळ येते; म्हणजे पेरणीनंतर साधारण २५ ते ३० दिवस. काळ्या जमिनीत वाफसा यायला सहा-सात दिवस लागतात. पाय रुतेल इतकी ओल असताना शेतात शिरलो तर चाल एकसारखी राहत नाही, आणि जमीन भेगाळेपर्यंत थांबलो तर ताण बसलेले तण औषध घेत नाही. तिसऱ्या हंगामात विजेच्या वेळापत्रकामुळे माझ्या खालच्या तुकड्याचे पाणी आठ दिवस मागे पडले. तेथला चंदनबटवा फवारणीच्या वेळी वीतभर वाढून फांद्या फोडू लागला होता. तो मेला नाही. खुरटला, पिवळा पडला आणि महिन्याने खालून पुन्हा फुटला. त्याच दिवशी, त्याच पुडीतले औषध वरच्या तुकड्यात स्वच्छ निकाल देऊन गेले. सकाळी दव उतरल्यावर आणि वारा सुटण्याच्या आत फवारावे. आमच्याकडे हा अवधी नऊ ते साडेअकरा इतकाच मिळतो.

आता द्राक्षबागेचा विषय. २,४-डी हे गव्हातल्या रुंद पानांच्या तणांवर १९४०च्या दशकापासून जगभर वापरले जाणारे, स्वस्त आणि निकाल लवकर दाखवणारे तणनाशक आहे. तणाची पाने आणि देठ दोन-तीन दिवसांत पिळवटल्यासारखे वाकडे होतात, त्यामुळे शेतकऱ्याचे समाधान होते. परंतु द्राक्ष, कापूस आणि टोमॅटो ही पिके त्याला कमालीची हळवी आहेत. आमच्याकडे गव्हात फवारणीची जी वेळ, तीच ऑक्टोबर छाटणीच्या बागांमध्ये फुलोरा आणि मणी धरण्याची वेळ. मी मेटसल्फ्युरॉनकडे वळण्याच्या आदल्या वर्षी, थोडा वारा असतानाही २,४-डी मारून घेतले होते. दहा-बारा दिवसांनी आबांनी मला बागेत बोलावून नेले आणि बांधालगतच्या पहिल्या दोन ओळींतला एक वेल दाखवला. नवी पाने लहान, जपानी पंख्यासारखी घड्या पडलेली, कडांना दातेरी टोके आलेली, आणि पानाच्या शिरा एकमेकींच्या जवळ सरकून समांतर झालेल्या. ‘औषध तुझ्या गव्हाचं आहे का रे?’ एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्या दोन ओळींतल्या काही घडांची मणीधारणा कमी झाली. त्यांनी भरपाई मागितली नाही, मात्र ती पाने माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेली नाहीत. २,४-डीच्या बाबतीत त्याचा इस्टर हा प्रकार तर उन्हात वाफ होऊन लांबवर जातो. सोडियम किंवा अमाईन क्षार तेवढे उडत नाहीत, पण वाऱ्यावर गेलेला बारीक थेंब कोणत्याही प्रकाराचा असला तरी तेवढाच घातक.

मेटसल्फ्युरॉन वाफ होऊन उडत नाही, हा माझ्यासाठी त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र ते द्राक्षाला सुरक्षित आहे असा समज मुळीच करून घेऊ नये. थेंब उडून वेलीवर पडला तर ग्रॅमच्या अंशात काम करणारे हे औषध वेलीचीही वाढ रोखते. म्हणून पूर्वेकडच्या बांधालगतचे दोन सारे मी अजिबात फवारत नाही आणि वारा बागेच्या दिशेने वाहत असेल तर त्या दिवशी पंप उचलतच नाही. शेजारी हरभरा किंवा कांदा असेल तरी हीच काळजी घ्यावी.

२,४-डी ज्यांना वापरायचेच आहे, त्यांनी पिकाची अवस्था पाळावी. फुटवे पूर्ण येण्याआधी फवारले तर गव्हाची पाने कांद्याच्या पातीसारखी पोकळ गुंडाळतात आणि ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. कांडी धरल्यानंतर फवारले तर ओंबीत दाणे भरत नाहीत. मेटसल्फ्युरॉन या बाबतीत बरेच सोशीक आहे, पण कांडी धरण्यापूर्वी उरकावे हा नियम त्यालाही लागू आहे.

ज्यांच्या शेतात गवतवर्गीय तणे आहेत, त्यांना मात्र ही पुडी काहीही देणार नाही. हराळी, शिपी यांवर मेटसल्फ्युरॉनचा परिणाम शून्य धरावा. माझ्याच शेतात पाटाच्या कडेची हराळी फवारणीनंतर अधिक जोमाने पसरली, कारण तिची स्पर्धा संपली. हरणखुरीही बसते, पिवळी पडते, आणि तिच्या खोल मुळातून महिन्याभरात पुन्हा वर येते. कामोणीवर परिणाम फारसा समाधानकारक नाही. तिच्यासाठी आणि अशा हट्टी रुंद पानांच्या तणांसाठी कारफेंट्राझोन हा वेगळ्या गटातला पर्याय असतो. गव्हासारखेच दिसणारे गुल्लीदंडा आणि जंगली ओट ही तणे ज्यांच्याकडे बियाण्याबरोबर आली असतील, त्यांच्यासाठी क्लोडिनाफॉप १५ टक्के हे एकरी १६० ग्रॅम या मापाने वापरले जाते. दोन्ही प्रकारची तणे असतील तर क्लोडिनाफॉप आणि मेटसल्फ्युरॉन यांचे तयार मिश्रण त्याच मापात मिळते. क्लोडिनाफॉप आणि २,४-डी मात्र एकाच पंपात कधीही मिसळू नयेत. २,४-डीमुळे गवतावरचा परिणाम घटतो.

सल्फोसल्फ्युरॉन आणि मेटसल्फ्युरॉन यांचे एकरी १६ ग्रॅमचे तयार मिश्रणही दुकानात पुढे केले जाते, आणि ते दोन्ही प्रकारच्या तणांवर चालते. मी ते मुद्दाम टाळले. गव्हानंतर त्याच शेतात मका किंवा ज्वारी घ्यायची असेल, तर सल्फोसल्फ्युरॉनचा जमिनीतला उरलेला अंश त्या पिकांना बाधतो. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात जनावरांच्या चाऱ्याचा मका असतो, त्यांनी हा प्रश्न दुकानातच विचारून घ्यावा, कारण मला तो कोणी आपणहून सांगितला नव्हता. उरलेल्या अंशाचा प्रश्न मेटसल्फ्युरॉनलाही आहे. हे औषध आम्लधर्मी जमिनीत लवकर विघटित होते आणि आपल्या काळ्या, चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत सावकाश. जूनमध्ये पेरलेल्या सोयाबीनवर मला तिन्ही वर्षांत कोणतीही बाधा दिसली नाही. परंतु वळणाच्या कडेला, जेथे फवारणीचे दोन पट्टे एकमेकांवर आले होते, तेथे गहू काढल्यावर घरापुरती मेथी टाकली, ती उगवून दोन पानांवरच पिवळी पडून थांबली. दहा फुटांवरची मेथी नीट आली. तेव्हापासून वळणावर मी पंपाचा खटका बंद करतो, आणि गव्हावर लगेच भाजीपाला किंवा कडधान्य घेण्याचा विचार असेल त्या तुकड्यात हे औषध वापरत नाही.

एकच औषध वर्षानुवर्षे मारत राहण्याविषयीही सावध राहिले पाहिजे. हरियाणा-पंजाबात भात-गहू या फेरात गुल्लीदंड्यावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक दहा-पंधरा वर्षे वापरले गेले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासे झाले. काही शेतकऱ्यांवर उभा गहू ओंबीवर येण्याआधीच हिरव्या चाऱ्यासाठी कापून टाकण्याची वेळ आली. त्यानंतर आणलेल्या क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन यांनाही तेथील गुल्लीदंडा पुढे जुमानेना. हरियाणातच जंगली पालक या रुंद पानांच्या तणात मेटसल्फ्युरॉनलाही दाद न देणारे प्रकार आढळले आहेत. एकाच विकरावर काम करणाऱ्या औषधाच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते. आपल्याकडे सोयाबीन-गहू फेरात ही अडचण दुहेरी आहे, कारण सोयाबीनमध्ये आपण वापरतो ती इमॅझेथापायरसारखी तणनाशके वेगळ्या कुळातली असली, तरी वनस्पतीत त्याच विकरावर घाव घालतात. म्हणजे खरीप आणि रब्बी मिळून वर्षातून दोनदा त्याच एका घावाला दाद न देणारी तणे मागे उरत जातात. मी यंदाच्या रब्बीत एका तुकड्यात पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओलीवर पेंडिमिथॅलिन हे उगवणीपूर्व तणनाशक घेऊन पाहिले आणि उरलेली रोपे एका खुरपणीत काढली. खर्च थोडा वाढला, शेत स्वच्छ राहिले.

पुडीवरच्या माहितीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. मी वापरलेल्या दोन पुड्यांपैकी एकीच्या आतल्या घडीपत्रकातला मराठी मजकूर इतका बारीक छापला होता, की चष्मा लावूनही मापाचा तक्ता वाचता येत नव्हता, आणि पुढच्या पिकाविषयीची सूचना घडीच्या आतल्या कोपऱ्यात होती. ज्या औषधात अर्ध्या ग्रॅमच्या चुकीने पीक पिवळे पडते, त्याचे माप पुडीच्या दर्शनी भागावर, पंपाच्या हिशोबात आणि ठळक अक्षरांत असायला हवे. खरेदी करताना पक्के बिल घ्यावे, त्यावर पुडीचा बॅच क्रमांक लिहून घ्यावा, आणि मुदत संपल्याची तारीख काउंटरवरच तपासावी.

पंप धुण्याविषयी लिहिले नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. फवारणी संपल्यावर पंप साध्या पाण्याने एकदा खळबळून त्याच पंपाने टोमॅटोवर बुरशीनाशक मारण्याची चूक मी २,४-डीच्या काळात केली होती. आठवड्यात टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या पानासारखे बारीक आणि वळलेले झाले. मेटसल्फ्युरॉनचा अंशही पंपाच्या नळीत आणि जाळीत असाच चिकटून राहतो. आता मी पंप तीनदा धुतो. मधल्या वेळी धुण्याचा सोडा किंवा अमोनियाचे पाणी भरून ते रात्रभर तसेच ठेवतो, जाळी आणि नोझल काढून वेगळे धुतो, आणि धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा पाटात न जाऊ देता फवारलेल्या गव्हाच्याच तुकड्यात ओततो. गेल्या वर्षी तणनाशकासाठी स्वतंत्र जुना पंप ठेवला आणि त्याच्या झाकणाला लाल रंग दिला. घरातल्या कोणालाही तो पंप इतर कामासाठी उचलायचा नाही हे न सांगता कळते.

आणखी एक गोष्ट. चंदनबटवा हे तण असले, तरी आमच्याकडे त्याची कोवळी पाने भाजीला खुडतात आणि पाला शेळ्यांना घालतात. फवारणीच्या तिसऱ्या दिवशी तो अगदी ताजा, हिरवा दिसतो. औषध पडल्याची कोणतीही खूण त्याच्यावर नसते. पहिल्या वर्षी कामावरच्या मावशी ओटा भरून भाजी खुडत असताना मी पाहिल्या आणि धावत जाऊन ती टाकायला लावली. त्यांनी विचारले, ‘मग दादा, आता भाजी कुठली न्यायची?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. पूर्वेच्या बांधालगतचे जे दोन सारे मी बागेसाठी फवारणीशिवाय सोडतो, ते आता त्यांना दाखवून दिले आहेत, आणि फवारलेल्या भागाच्या कडेला काठीवर पांढरे फडके बांधतो. भाजी त्या दोन साऱ्यांतूनच जाते. बागेकडच्या अंगाला चंदनबटवा त्यामुळे आपोआप खुडला जातो, आणि उरलेला मी खुरप्याने काढतो. काढणीच्या वेळी त्या दोन साऱ्यांचा गहू मी वेगळा मोजतो. यंदा तो फवारलेल्या साऱ्यांच्या बरोबरीने उतरला.